आला का? : कन्नौजमधले दिवस

पहिला दिवस : गाडीत

इटारसी मागे पडल्यावर समोरच्या बाईंनी डबा उघडला. भाच्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं, नाक फुगवलं आणि मला विचारलं, "मावशी, आला का?"

"आला."

"कसला, सांग."

"कैरीचं लोणचं, मोहरीच्या तेलातलं. आणि पुऱ्यांना जुन्या तेलाचा खवट वास आहे, तोही आला."

शेवटचं वाक्य मी अगदी हळू बोलले. बाईंना मराठी येत नव्हतं, तरीही.

2021 च्या एप्रिलमध्ये करोनात माझा वास गेला. ताप, खोकला यथासांग झाला, बरी झाले, आणि एके सकाळी चहा उतू जाऊन पातेलं करपेपर्यंत मी ओट्याशेजारी पेपर वाचत उभी होते. डोळ्यांत धूर गेला तेव्हा कळलं. दोन महिने काहीच येत नव्हतं. मग यायला लागलं ते भलतंच. कॉफीला जळलेल्या रबराचा वास, फोडणीतल्या कांद्याला गटाराचा. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी समजावलं, की हा विषाणू वास ओळखणाऱ्या चेतापेशींना धरत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. ओढाताणीत चेतापेशीही जातात. त्या नव्याने उगवतात, पण उगवताना त्यांच्या तारा मेंदूत चुकीच्या जागी जोडल्या गेल्या, तर कॉफीचं रबर होतं, असं मानतात.

उपाय म्हणून चार बाटल्या दिल्या : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची, बारा आठवडे. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 साली मांडलेला हा व्यायाम. मी बारा आठवड्यांऐवजी वर्षभर केला. लिंबू आधी आलं, मग लवंग, मग निलगिरी. गुलाब काही आला नाही. त्या बाटलीतून मला आजतागायत ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

नुसता वास गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्याच पावसाळ्यात मी आईची लोखंडी पेटी उघडली. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पेटीत तिची चार पातळं, तळाला वाळ्याची जुडी. त्याआधी ती पेटी उघडली की आई खोलीत असायची. त्या दिवशी पेटीत चार पातळं होती, बस्स.

तर उत्तर प्रदेशातल्या अत्तराच्या गावी, कन्नौजला जायचं हे भाच्याचं डोकं. "जिथे गुलाब शिजवतात तिथेच जाऊ," म्हणाला. "तिथे नाही आला तर नाद सोड." बावीस वर्षांच्या मुलांना सगळं असं सोपं असतं.

दुसरा दिवस : कानपूर ते कन्नौज

कानपूरला उतरून बसने ऐंशीएक किलोमीटर. वाटेत बटाट्याचे ट्रक, शीतगृहांसमोर त्यांच्या रांगा. या पट्ट्यातला शेतकरी जगतो तो मुख्यतः बटाट्यावर. अत्तराचं गाव म्हणून मी डोळ्यांसमोर फुलांचे मळे आणले होते, पण दिसत होती ती काढणी झालेली उघडी शेतं.

गावात शिरल्या शिरल्या दरवळ वगैरे काही नाही. डिझेल, धूळ, उघडी गटारं, आणि लॉजच्या खोलीत फिनेल. इतकं फिनेल, की भाचा म्हणाला, "इथे एक दिवस राहिलो तर माझाही जाईल." खोली बदलून मागितली. दुसऱ्या खोलीत फिनेलच्या खाली आणखी काहीतरी होतं, म्हणून पहिलीच बरी ठरली.

हेच कन्नौज सातव्या शतकात हर्षवर्धनाची राजधानी होतं. ह्युएन त्संग इथे येऊन राहून गेला. आज त्यातलं बरचसं मातीच्या टेकाडांखाली आहे. वस्तुसंग्रहालय बघायचं ठरवलं होतं, ते दुपारच्या उन्हात राहून गेलं.

संध्याकाळी बडा बाजार. अरुंद गल्ल्या, जुन्या हवेल्या, कपाटांत काचेच्या बुच लावलेल्या बाटल्या. एका दुकानात पांढऱ्या गादीवर बसलेले म्हातारेसे गृहस्थ होते. तिथे टेकलो ते दोन तास उठलो नाही. पहिल्यांदा त्यांनी काही विकायचा प्रयत्नच केला नाही, मला वाटतं हाच त्यांचा विकायचा प्रकार असावा. कापसाचा फाया काडीला गुंडाळून एकेक वास हाताच्या पाठीवर लावत गेले.

खस, म्हणजे आपला वाळा. 'रूह खस'. 'रूह' म्हणजे चंदनाचा आधार नसलेलं निव्वळ तेल. तांब्याच्या भांड्यात काढल्यामुळे त्याला हिरवट झाक येते. ते मनगटाला लागलं मात्र, मला माठाच्या तळाशी असलेलं पाणी आठवलं. आठवलं म्हणजे काय, घशाला गार लागलं. मग शमामा, अनेक जडीबुटींचा मिळून केलेला दाट, उग्र, थंडीत लावायचा. मग हिना. प्रत्येक वेळी भाचा कानाशी : "आला का?" सगळे आले. मग गुलाब.

ओला पुठ्ठा.

माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, तेव्हा सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं हळहळतील. ते म्हणाले, "नाक रूठा है, मरा नहीं. कल भोर में खेत चलिए." आणि भाच्याला, ज्याने तोवर अठरा वास घेतले होते आणि ज्याला आता सगळेच सारखे वाटत होते, त्यांनी स्वतःच्या शर्टाची बाही हुंगायला सांगितली. कॉफीच्या बिया वगैरे दुकानदारी आहे म्हणाले, आपल्या घामापेक्षा नाकाला विसावा देणारं दुसरं काही नाही.

उठताना मी चंदनाचं विचारलं. अत्तर म्हणजे खरं तर फुलांची वाफ चंदनाच्या तेलात मुरवायची. पण चंदन इतकं महागलं आहे, की बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरतात. त्यांनी ते लपवलं नाही. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, एक चंदनातली, एक पॅराफिनमधली, आणि म्हणाले, घरी नेऊन आठवड्याने हुंगा, कळेल. शिवाय या गावच्या मालाचं मोठं गिऱ्हाईक आता जर्दा आणि पानमसालावाले आहेत. नवाबी थाटाच्या गोष्टी ऐकायला आलेल्या माणसाला हे जरा लागतं. मला मात्र बरं वाटलं, कुणीतरी सरळ बोललं म्हणून.

रात्री लॉजवर पडल्या पडल्या एक मजा सुचली. मराठीत वास 'येतो' आणि आठवणही 'येते'. आठवण निदान काढता तरी येते, वास काही काढता येत नाही. फार तर तो 'मारतो'. भाच्याला सांगितलं, तर तो झोपला होता.

तिसरा दिवस : शेत आणि भट्टी

पहाटे साडेचार. चैती गुलाबाचा हंगाम शेवटच्या टप्प्यात होता. फुलं लहान, फिकी गुलाबी, फुलदाणीत कुणी ठेवणार नाही अशी. गावातली बायामाणसं कमरेला ओढणी बांधून, अंधारातच देठाशी चिमटीत धरून खुडत होती. काट्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ऊन चढायच्या आत खुडायचं, कारण ऊन लागलं की फुलातलं तेल उडून जातं. सव्वासात वाजता शेत रिकामं, आणि तागाची पोती मोटारसायकलच्या मागे बांधून भट्टीकडे पळाली. किलोभर शुद्ध गुलाबतेलाला साधारण चार टन फुलं लागतात, हे मी वाचून आले होते. पण पोत्यात हात घातला तेव्हा त्या आकड्याचा अर्थ लागला. हात कोपरापर्यंत गेला आणि आत ते गरम होतं. खुडलेली फुलं पोत्यात पडून राहिली की तापायला लागतात.

वास? पुठ्ठा, आणि ताग.

भट्टी म्हणजे पत्र्याच्या छपराखाली विटांचे चुलवण, त्यात मानेपर्यंत पुरलेल्या तांब्याच्या देगा. इथे कुठे मीटर नाही, काटा नाही. देगेत फुलं ओतायची, पाणी ओतायचं, वर तांब्याचं झाकण ठेवायचं, त्याला 'सरपोश' म्हणतात. झाकणातून बांबूची नळी निघते, सुतळीने गच्च गुंडाळलेली, तिला 'चोंगा'. ती खाली उतरते ती लांब मानेच्या तांब्याच्या सुरईत. तिचं नाव 'भपका'. मराठीत भपका म्हणजे पोकळ डामडौल, आणि भपकारा म्हणजे अंगावर येणारा वास. इथला भपका यांपैकी काहीच करत नाही, गुपचूप पाण्यात बसून राहतो. ज्या हौदात तो बसतो त्याला 'गच्ची' म्हणतात. कारागीर म्हणाला, "गच्ची में देखो," तर भाचा वर छपराकडे बघायला लागला.

भपक्याच्या तळाशी चंदनाचं तेल असतं. देगेतली वाफ नळीतून येते, भपक्यात थंड होते आणि तिच्यातला वास तेल धरून ठेवतं. सगळं कसब आचेचं. आच वाढली तर फुलं करपतात, कमी पडली तर वाफ चढत नाही. कारागीर पाण्यात हात घालून भपका गोल फिरवत होता. फिरवता फिरवता तो वाफ कशी चढलीय ते तळव्याने जोखतो, आतली धार ऐकतो, हौदातलं पाणी कोमट झालं की बदलतो. देग जास्त तापलीशी वाटली की ओलं फडकं तिच्या अंगावरून फिरवतो. चर्र आवाज होतो आणि तो पुन्हा उकिडवा बसतो. पन्नाशीचा असेल. सांगत होता, वडील हेच करत.

आता जे सांगायचं आहे ते या सगळ्याच्या आधी घडलं, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

झाकण बसवल्यावर फटीतून वाफ निसटू नये म्हणून ती लिंपतात. एक पोरगा, असेल सोळा-सतरा वर्षांचा, घमेल्यात चिकणमाती भिजवत होता. त्यात कापूस पिंजून घालत होता, म्हणजे सुकताना माती तडकत नाही. त्याने त्याची लांब वळी केली, झाकणाच्या कडेने बसवली आणि अंगठ्याने दाबत दाबत गोल फिरला. खाली लाकडं पेटलेली होती, त्यामुळे तांबं कोमट झालेलं. ओल्या मातीला ती ऊब लागली आणि तिचा वास सुटला.

मी देगेपासून हातभर लांब होते. पुढच्या क्षणी सात वर्षांची होते.

आजी चुलीवर ठेवायच्या पातेल्यांना बाहेरून मातीचा लेप द्यायची, म्हणजे काजळी घासायचा त्रास वाचतो. तिच्या मनगटावर तुळशीवृंदावनाचं हिरवं गोंदण होतं. त्या गोंदणावर माती सुकलेली, आणि तिने मनगट वाकवलं की सुकलेल्या मातीला बारीक भेगा पडायच्या, त्या भेगांतून हिरवं दिसायचं. एवढंच. पुढे काही घडत नाही. पण हे गोंदण मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आजीचा एकुलता फोटो आहे, त्यात पदर मनगटावर आलेला आहे. घरात तिच्या गोंदणाचा उल्लेखही कुणी केल्याचं मला स्मरत नाही. म्हणजे ते कुठेतरी असं अख्खंच्या अख्खं ठेवलेलं होतं, आणि कन्नौजच्या एका पोराने अंगठ्याने ते दाबून बाहेर काढलं.

"मावशी, आला का?" भाच्याला गुलाबाचं विचारायचं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी बघून त्याला वाटलं, आलाच. मी धुरावर ढकललं.

डोळे, कान, कातडी यांच्याकडून येणारे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात. वासाचा निरोप हा नाका टाळून पुढे जातो आणि भावना नि स्मृतींचा कारभार बघणाऱ्या भागांत थेट घुसतो. आणि शब्दांनी किंवा चित्रांनी जाग्या होणाऱ्या आठवणी पुष्कळदा किशोरवयातल्या नि तरुणपणातल्या निघतात, वासाने जाग्या होणाऱ्या बऱ्याचदा वयाच्या दहा वर्षांच्या आतल्या. हे मी घरी वाचलं होतं आणि मला पटलंही होतं. पटणं वेगळं.

दुपारी लॉजवर जाऊन नुसती पडून राहिले. भाचा गट्टा घेऊन आला, ही इथली साखरेची मिठाई. त्याचा वास आला की नाही हे त्याने विचारलं नाही.

चौथा दिवस : पाणी आणि माती

सकाळी पुन्हा भट्टी. रात्रभर निवलेला भपका उपडा करायच्या बेताने ठेवला होता. आत वर तेल तरंगतं, खाली पाणी बसतं. भपक्याच्या बुडाशी एक छिद्र असतं, ते उघडून पाणी काढून घेतात आणि पुन्हा देगेत, नव्या फुलांबरोबर ओततात. असं तेल भरेपर्यंत रोज.

कारागिराने त्या पाण्याची धार माझ्या ओंजळीत सोडली. "मुँह पे मारिए," म्हणाला.

मारलं. आणि आला.

अर्धा सेकंद असेल. मानेवर गार थेंबांची शिंपण, कुणाच्या तरी लग्नात, चांदीची गुलाबदाणी घेऊन माझ्याहून उंच कुणीतरी ओळीने चाललेलं, मी खांदे वर घेऊन कान झाकते आहे. मग लगेच पुन्हा पुठ्ठा. मी परत परत ओंजळ मागितली, चार वेळा. नाही आला.

नंतर विचार केला तेव्हा यात थोडी संगती लागली. गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळतो. ऊर्ध्वपातनात तो बराचसा तेलात न उतरता पाण्यात जातो, म्हणून तर गुलाबपाण्याला एवढा वास असतो. माझ्या व्यायामाच्या बाटलीत नेमकं तेच रसायन असायचं. म्हणजे वर्षभर मी ज्याचं दार ठोठावत होते, तोच क्षणभर डोकावून गेला. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आला!" मी म्हटलं, "आला आणि गेला." "पण आला." वाद नको म्हणून मी गुलाबपाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या.

दुपारी मातीचं अत्तर. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. एका अंगणात बायका तळ्यातल्या मातीच्या चपट्या टिकल्या थापून भट्टीत भाजत होत्या. भाजलेल्या टिकल्या देगेत भरायच्या, पाणी घालायचं, आणि पुढे सगळं गुलाबासारखंच. म्हणजे कोरड्या मातीला पाणी दाखवायचं आणि ती जो उसासा टाकते तो चंदनात धरायचा. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द आहे. इंग्रजीत 'पेट्रिकोर' हा शब्द 1964 साली आला. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी तो घडवला. तापल्या, कोरड्या दगडमातीत हवेतली द्रव्यं मुरत राहतात आणि ओल लागताच बाहेर पडतात, असं त्यांनी दाखवलं. उत्तर प्रदेशात हा वास चंदनाच्या तेलात आधीपासूनच काढला जातो, ही नोंदही त्यांनी केली आहे. पावसाच्या वासातला दुसरा भाग जिओस्मिनचा, मातीतल्या जिवाणूंनी केलेला. तो आपल्या नाकाला एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी कळतो. इतकं तीक्ष्ण नाक आपण दिवसभर कशाकशासाठी वापरतो, हे मनात आलंच.

मनगटाला लावलं. आला. पहिला पाऊस, शाळेचं पटांगण. सगळ्यांना येतो तोच. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कालच्या त्या गोंदणापुढे हा अगदी पाठ केलेला पाऊस वाटला.

संध्याकाळी मेहंदी घाटावर गंगा बघितली. नदी पूर्वी गावाला लागून वाहायची, आता काही किलोमीटर सरकली आहे. पाणी कमी, वाळू फार.

पाचवा दिवस : परत

निघायच्या आधी बाजारात एक फसवणूक करून घेतली. 'शुद्ध रूह गुलाब' म्हणून एकाने फारच स्वस्तात दिली, आणि भाव ऐकूनच कळायला हवं होतं. चार टनांचा हिशेब मी दोन दिवस सगळ्यांना ऐकवत होते. माझ्या नाकाला पुठ्ठा आणि गुलाब एकच, म्हणून भाच्याला हुंगायला दिली. तो म्हणाला, "अगरबत्ती." तोवर बस सुटली होती.

गाडीत समोर एक कुटुंब, खिडकीशी सहा-सात वर्षांचा मुलगा. भाच्याने बाटल्या काढून मांडल्या होत्या आणि मुलाचे डोळे त्यांच्यावरून हलेनात. मातीच्या अत्तराचं बूच काढून मी त्याच्या हाताच्या पाठीला टेकवलं, दुकानातल्या म्हाताऱ्याबाबांसारखं, आणि वाट बघत बसले. आता बारिश म्हणेल.

त्याने हुंगलं, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं.

"कूलर!"

त्याची आई हसली. "अरे, मिट्टी है बेटा, बारिश."

"नहीं. कूलर. पहले दिन वाला. जब पापा पानी डालते हैं."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी मनगट नाकाशी नेलं. वर्षभर कोरडं पडलेलं गवत, पत्रा, त्यावर पाण्याची पहिली बादली. कूलरच होता.